गप्पीच्या पोटाखाली लोंबणारा लाल दोरा

वाचकाचं पत्र:

"सातवीतल्या माझ्या मुलाचा दोन फुटांचा फिशटँक आहे. त्यात पंचवीसेक गप्पी आणि चार मॉली. दिवाळीच्या सुट्टीत गप्पीच्या दोन नव्या जोड्या आणल्या. आता तीन-चार माद्यांच्या पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे, बारीक लाल दोऱ्यासारखं काहीतरी दिसतं. मासा हलला की ते आत जातं. पोटं खपाटीला गेलीत. दोन मासे मेले. दुकानदाराने आधी निळं औषध दिलं, मग मीठ टाकायला आणि हीटर वाढवायला सांगितलं. काही फरक नाही. काचेवरही पांढरे किडे वळवळताना दिसतात. घरात अल्बेंडाझोलची गोळी आहे, ती चुरून टाकू का? मुलगा रोज टँकमध्ये हात घालतो, त्याला काही होणार नाही ना? मधल्या काळात शेजारच्यांनाही आम्ही पिल्लं दिली आहेत. – एक आई, नाशिक"

नमस्कार,

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. मासा हलला की तो दोरा आत जातो. लोंबणारी शी कधी आत जात नाही. ती मागे फरफटत जाते किंवा तुटून पडते. स्वतःहून आत-बाहेर करणारी लालसर वस्तू म्हणजे जिवंत जंत. आणि गप्पी-मॉलीच्या गुदद्वारातून असे दोरे दिसत असतील, तर बहुतेक वेळा तो कॅमॅलॅनस जातीचा गोल जंत असतो. तो आतड्याच्या आतल्या अस्तराला तोंडाने घट्ट चिकटतो आणि रक्त पितो, म्हणून लाल दिसतो. मादी साधारण सेंटिमीटरभर लांब, नर त्याहून खूपच लहान. बाहेर डोकावते ती मादीची मागची बाजू. तोंडाने आत पकड ठेवून ती पिल्लं पाण्यात सोडत असते. हा जंत अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्लंच सोडतो.

तरीही औषध आणायच्या आधी एकदा खात्री करून घ्या. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टँकवर मोठा उजेड नको, मासे जरा स्थिरावू द्या. मग मोबाईलचा टॉर्च बाजूने धरा आणि एखाद्या पोट बसलेल्या मादीच्या खालच्या पराच्या लगेच पुढे बघा. एक-दोन मिनिटं ती शांत राहिली तर दोन, तीन, कधी पाच-सहा टोकं पंख्यासारखी पसरलेली दिसतील. जवळून व्हिडिओ काढून ठेवा. उपचारानंतर तुलना करायला तो लागेल, आणि पशुवैद्याला दाखवायलाही.

एखादा मासा मेलाच, तर तो फेकून देऊ नका. ताजा असतानाच बशीत घ्या, गुदद्वारापासून वर छातीपर्यंत बारीक कात्रीने पोट उघडा आणि आतडं थोड्या पाण्यात पसरा. कॅमॅलॅनस असेल तर तांबड्या तारेचे तुकडे असावेत तसे जंत नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तुमचा मुलगा सातवीत आहे, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक असेलच. कमी वर्धनाखाली जंताच्या तोंडाशी तपकिरी-केशरी रंगाची, उभ्या रेघांची टणक डबी दिसते. मोठ्या मादीच्या पोटात वेटोळं घातलेली पिल्लं हलताना दिसतात. एवढं दिसलं की शंका उरत नाही. मात्र मासा बारा तास पाण्यात पडून राहिलेला असेल तर हे करण्यात अर्थ नाही.

खात्रीवर एवढा भर देतो, कारण जंताचं औषध म्हणून एकच औषध नसतं. गोल जंतावर चालणारं चपट्या जंतावर चालत नाही, आणि उलटंही तसंच. मासा अंग दगडावर घासतोय, श्वास जोरात चाललाय, एका बाजूचा कल्ला मिटूनच ठेवतोय, असं असेल तर तो कल्ल्यांवरचा किंवा कातडीवरचा चपटा जंत असू शकतो. गप्पीत जायरोडॅक्टायलस आणि गोल्डफिशमध्ये डॅक्टायलोगायरस हे नेहमीचे. त्यांच्यावर प्राझिक्वांटेल लागतं, लिटरमागे साधारण 2 ते 2.5 मिलिग्रॅम. डॅक्टायलोगायरस अंडी घालतो आणि अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नाही, म्हणून तिथे डोस पुन्हा द्यावाच लागतो. मागून पांढरी, चपटी, गाठीगाठीची फीत लोंबत असेल तर तो पट्टकृमी, त्यालाही प्राझिक्वांटेलच. नुसती पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी शी हा बऱ्याचदा जंताचा प्रकारच नसतो. आतड्यातले एकपेशी परजीवी किंवा उपासमारही त्याला कारण असते आणि त्यासाठी जंताचं औषध व्यर्थ आहे. गोल्डफिश, कोईच्या अंगावर टोचलेल्या काडीसारखा दिसणारा 'अँकर वर्म' तर कृमी नाहीच, तो कोळंबीच्या दूरच्या नात्यातला प्राणी आहे. तुमच्याकडे यातलं काही दिसत नाही.

काचेवरच्या पांढऱ्या किड्यांना सोडून द्या. केसासारखे बारीक आणि पाण्यात वळवळत तरंगणारे असतील तर ते गाळावर जगणारे निरुपद्रवी किडे आहेत. काचेवरून सरकत जाणारे, त्रिकोणी डोक्याचे असतील तर प्लॅनेरिया. दोन्ही माशांच्या पोटात राहत नाहीत. ते वाढले याचा अर्थ टँकमध्ये खाद्य जास्त पडतंय. चिमूट कमी करा, तळ सायफनने साफ ठेवा, काही आठवड्यांत आपोआप ओसरतील.

आता दुकानदाराचे उपाय. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. अंड्यांवरच्या बुरशीला ते ठीक, आतड्यातल्या जंतापर्यंत ते पोचतच नाही. उलट फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात, आणि मग पाण्यात अमोनिया वाढतो. तुमचे दोन मासे नुसत्या जंताने गेले की अमोनियाने, हे आता सांगता येणार नाही, पण पुढचे काही दिवस रोज चौथा हिस्सा पाणी बदलत राहा आणि जमल्यास अमोनियाची चाचणी करून घ्या. मीठ गप्पी-मॉली आनंदाने सहन करतात, पण आत बसलेल्या जंतालाही त्याचं काही वाटत नाही. हीटर वाढवणं हा पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा उपाय आहे, इथे ऊब वाढवली तर जंताचंच आयुष्यचक्र जोरात फिरेल. 25-26 अंशांवर आणून ठेवा. दुकानदाराचाही फारसा दोष नाही म्हणा. त्याच्या फळीवर जे असतं ते तो देतो, आणि आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानात गोल जंताचं औषध क्वचितच असतं.

अल्बेंडाझोल नको. जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना मिळते तीच ही गोळी, आणि माणसाच्या पोटात ती उत्तम काम करते. पण ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चुरून टाकली तर पांढरा गाळ तळाशी बसेल, काही माशांच्या तोंडात जाईल, काहींच्या नाही, आणि किती गेलं हे कुणालाच कळणार नाही.

तुम्हाला हवं ते लेव्हामिसोल. पाण्यात चटकन विरघळतं आणि माशाच्या शरीरातून आतड्यापर्यंत पोचतं. ते मत्स्यालयाच्या दुकानात शोधू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. शेळ्या-मेंढ्या-कोंबड्यांना ते देतात. डॉक्टरांना व्हिडिओ दाखवा, चिठ्ठी घ्या. बाटलीवरचं लेबल मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. नुसतं लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड हवं. जनावरांसाठी लेव्हामिसोल आणि ऑक्सिक्लोझानाइड एकत्र असलेलं मिश्रण सर्रास विकलं जातं. ते टँकमध्ये घालायचं नाही. आयव्हरमेक्टिन असलेलं काहीही नको, माशांना त्याचा सुरक्षित आणि घातक डोस यांत फार थोडं अंतर असतं.

डोस लिटरमागे 2 मिलिग्रॅम. इथे अंदाजपंचे चालणार नाही, त्यामुळे टेप घेऊन बसा. टँकची आतली लांबी, रुंदी आणि वाळूच्या वरच्या पाण्याची उंची मोजा. समजा 60, 30 आणि 25 सेंटिमीटर. गुणाकार 45,000 घन सेंटिमीटर, म्हणजे 45 लिटर. औषध लागेल 90 मिलिग्रॅम. मिलिलिटरमागे 75 मिलिग्रॅम असलेलं द्रावण मिळालं तर 1.2 मिलिलिटर, दोन मिलीच्या सिरिंजने मोजा. 30 टक्क्यांची पावडर मिळाली तर 300 मिलिग्रॅम, आणि हे चमच्याने मोजता येत नाही. सोनाराकडचा किंवा केमिस्टकडचा काटा गाठा. पावडर घरातच मोजायची असेल तर हातमोजे घाला, नाकावर रुमाल बांधा. बाटली मुलाच्या हाती लागू देऊ नका. माणसांत या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटल्याची उदाहरणं आहेत.

औषध घालायच्या दिवशी सकाळी तळाचा गाळ सायफनने काढा, फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो बाहेर काढा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. शेवाळं मारण्यासाठी यूव्ही दिवा असेल तर बंद ठेवा. स्पंज आणि एअर पंप चालूच राहू द्या. लेव्हामिसोल उजेडात निकामी होतं, म्हणून संध्याकाळी, दिवे मालवून, औषध एका मग्गाभर टँकच्याच पाण्यात कालवून सगळीकडे पसरवत ओता आणि टँकला चादर गुंडाळा. वरून हवेला जागा ठेवा. त्या दिवशी खाद्य नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर बाजूला करून पाहिलंत तर तळाशी लाल-तपकिरी धागे पडलेले दिसतील, काही गुंडाळलेले, काही सरळ. काही माशांच्या मागून अर्धवट लोंबत असतील. ते मेलेले नसतात, आणि बहुतेकांचे उपचार फसतात ते इथेच. लेव्हामिसोल जंताला मारत नाही, लुळं करतं. पकड सुटते, मासा त्याला ढकलून बाहेर टाकतो. पण मादी जंताच्या पोटातली पिल्लं तळाशी पडतात, आणि गप्पी जे दिसेल ते चोखून बघतात. म्हणून चोवीस तास झाले की टँकच्या तळावरून सायफन इंच-इंच फिरवा, वाळूत रोवून फिरवा, आणि निम्म्याहून जास्त पाणी बदला. जमत असेल तर उपचाराच्या काळात वाळू काढूनच ठेवा, उघड्या काचेवर पडलेलं सगळं दिसतं आणि निघतं. काढलेली वाळू धुऊन गच्चीवर पूर्ण कोरडी होईपर्यंत उन्हात पसरा. नवं पाणी साधारण त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं. सायफन तोंडाने ओढून सुरू करायची सवय असेल तर ती आजपासून बंद. नळी आधी पाण्याने भरून घ्या किंवा हातपंप वापरा.

एका डोसने काम संपत नाही. पहिल्या वेळी पाण्यात सुटलेली किंवा दुसऱ्या जिवात दडलेली पिल्लं शिल्लक राहतात आणि नंतर माशांच्या पोटात जातात. तीन आठवड्यांनी पुन्हा तसाच डोस, पुन्हा तशीच सफाई. त्यानंतरही टॉर्चखाली दोरा दिसला तर तिसरा. दोरे दिसेनासे झाले म्हणून दुसरा डोस टाळू नका. टँकमधल्या सगळ्याच माशांना औषध द्यायचं आहे, नुसत्या दिसणाऱ्या आजाऱ्यांना वेगळं काढून उपयोग नाही. ज्यांच्या मागून काही दिसत नाही त्यांच्याही पोटात कोवळे जंत असतात. पोटुशा माद्यांनाही याच डोसमध्ये राहू द्या.

लेव्हामिसोल मिळालंच नाही तर फेनबेंडाझोल खाद्यातून देता येतं: 100 ग्रॅम खाद्यात 250 मिलिग्रॅम, जिलेटिनमध्ये कालवून, तीन दिवस, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. पण आजारी मासा खातच नसेल तर औषध पोटात जाणार कसं, हीच त्यातली अडचण. टँकमध्ये गोगलगायी असतील तर त्यांनाही फेनबेंडाझोल भोवू शकतं. म्हणून माझी पसंती लेव्हामिसोललाच.

सगळे मासे वाचतील असं सांगत नाही. ज्यांची पाठ धारदार दिसायला लागली आहे, जे तळाशी पडून आहेत, त्यांच्या आतड्याचं नुकसान झालेलं असतं आणि जंत निघाल्यावरही काही दगावतात. अगदीच तडफडत असलेल्याला टॉयलेटमध्ये सोडू नका. दातदुखीसाठी मिळतं ते लवंगेचं तेल अर्धा मिलिलिटर, बाटलीत थोड्या पाण्यासोबत दुधाळ होईपर्यंत हलवा आणि लिटरभर टँकच्या पाण्यात मिसळून त्यात मासा ठेवा. तो गुंगीतच जातो. कल्ले हलायचे थांबले तरी अर्धा तास तसाच राहू द्या.

हे आलं कुठून, तर बहुधा दिवाळीत आणलेल्या त्या जोड्यांमधून. गप्पींमध्ये आढळणाऱ्या या जंताचं, म्हणजे कॅमॅलॅनस कॉटीचं, पहिलं शास्त्रीय वर्णन 1927 साली जपानमधल्या माशांवरून झालं. पुढे गप्पी आणि तिच्या भाईबंदांबरोबर तो जगभर गेला, हवाईच्या ओढ्यांतसुद्धा. निसर्गात त्याची पिल्लं आधी सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीकसा जीव खातो आणि मग सायक्लॉप्सला मासा. तुमच्या सासू-सासऱ्यांना नारू हा जंताचा रोग आठवत असेल. विहिरीचं पाणी फडक्याने गाळून प्यायला सांगायचे, ते याच सायक्लॉप्ससाठी. नारूचाही मधला मुक्काम त्याच्यातच असायचा. भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला. टँकमधल्या कॅमॅलॅनसला मात्र सायक्लॉप्सवाचूनही भागतं, तिथे तो माशातून थेट माशात जातो. म्हणूनच दोन जोड्या आणल्या आणि महिन्यात अख्खा टँक बाधित झाला. पुढच्या वेळी नवे मासे आणाल तेव्हा महिनाभर वेगळ्या टबात, वेगळी जाळी, वेगळा सायफन. डबक्यातून आणलेलं जिवंत खाद्य आणि नाल्यातले ट्युबिफेक्स किडे बंद. महापालिकेच्या हिवताप विभागाकडून किंवा नाल्यातून आणलेल्या गप्पींनाही हाच नियम लावा.

मुलाची काळजी करू नका, हा जंत माणसाच्या पोटात जगत नाही. हाताला कापलेलं-खरचटलेलं असताना मात्र टँकमध्ये हात नको, कारण तिथल्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू असू शकतो आणि त्याने बोटांवर हट्टी गाठी येतात. अशी गाठ आठवडे बरी झाली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना घरी फिशटँक आहे हे आधी सांगा, नाहीतर निदानात वेळ जातो. बाकी वेळी हात घातल्यावर साबण लावायचा, एवढंच.

इतकं करूनही तिसऱ्या डोसनंतर दोरे दिसत राहिले, तर मेलेला मासा बर्फावर ठेवून तज्ज्ञाला दाखवा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा रत्नागिरीच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाकडे आधी फोन करून विचारा, घेऊन जाण्यापूर्वी. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली नक्की काय ते कळेल आणि चुकीच्या औषधावर पैसे जाणार नाहीत.

आणि शेजारच्यांना आजच सांगा. पिल्लं लहान असताना बाहेर काही दिसत नाही, म्हणून त्यांना वाटत असेल सगळं ठीक आहे. त्यांचा टँकही त्याच दिवशी, त्याच हिशोबाने करा, त्यांच्या पाण्याचं माप वेगळं काढून. एक बाटली दोन्ही घरांना पुरून उरेल. कंटाळा आला म्हणून त्यांनी मासे गोदावरीत किंवा जवळच्या विहिरीत सोडू नयेत, हेही त्याच फोनवर सांगून टाका.